घाट चढून गेलेलं गाणं

महाडच्या बाजारपेठेतून भर दुपारी आम्ही सायबर कॅफेतला एक अख्खा कॉम्प्युटर उचलून जीपमध्ये घातला होता... एका गाण्यासाठी! पेन ड्राइव्ह नव्हता अशातला भाग नाही. होता की. तरीही.

सुरुवात झाली माझ्या थोरल्या काकांपासून. काका पोलादपूरच्या वर कुडपणला राहायचे. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना ते गौरी-गणपतीच्या नाचाची गाणी गायचे, तेव्हा त्यांची एक कॅसेटही निघाली होती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच... बोलायचे तेही कुजबुजल्यासारखं. कॅसेट कधीतरी कुणीतरी ऐकायला म्हणून नेली, ती परत आली नाही.

एकदा गावी गेले तर काका म्हणाले, "नाचातली पोरं इचारतात, तुमी खरंच गायचात काय? आता माजं मलाच खरं वाटत नाय गो."

ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि कॅफेत बसून इंटरनेटवर काहीबाही शोधायची मला भारी हौस. एक दिवस काकांचं नाव टाकून बघितलं. काही नाही. मग कॅसेटचं नाव टाकलं... आणि सापडलं! एका कंपनीने जुन्या कॅसेटमधली गाणी वेबसाइटवर विकायला ठेवली होती.

गाणं विकत, तेही इंटरनेटवर? दुकान नाही, कॅसेट नाही, मग हातात देणार काय? मला गाण्याइतकीच या प्रकाराचीही उत्सुकता वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. बाबा महाडच्या शाळेत गणित शिकवायचे आणि कॅफेवाला नितीनदादा त्यांचाच विद्यार्थी. "सर, विकत कशाला? थोडं शोधलं तर फुकट मिळेल," तो म्हणाला.

"अरे, माझ्या भावाचा घसा आहे तो," बाबा म्हणाले. "फुकट कसा घेऊ?" विषय संपला.

माझं नवं कोरं कार्ड बाहेर निघालं. डाउनलोडची पट्टी सरकत होती... मध्येच ती थांबली की आम्ही तिघंही श्वास रोखून थांबायचो. शेवटी एकदाचं गाणं वाजलं. काकांचा तो खणखणीत आवाज... बाबांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले.

पेन ड्राइव्हवर गाणं घेऊन मी ऑफिसात गेले, तिथल्या कॉम्प्युटरवर लावलं. वाजेना. ते लायसन्स मागत होतं... गाण्याला कसलं लायसन्स? परत नितीनदादाकडे. त्याने वेबसाइटवरच्या सगळ्या अटी वाचून काढल्या आणि हसायलाच लागला.

ज्या कॉम्प्युटरवर गाणं विकत घेतलं, त्याच कॉम्प्युटरवर ते वाजणार म्हणे! लोक घरच्या कॉम्प्युटरवर गाणी घेतात, असं धरून चाललेले कंपनीवाले. कॅफेत येऊन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गाणं विकत घेणारे आमच्यासारखे महाभाग त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

"फुकटातलं कुठेही वाजलं असतं, सर," नितीनदादाने संधी सोडली नाही.

बाबांचा चेहरा मात्र पडला. काकांना गाडी सोसायची नाही, घाट उतरून त्यांना महाडला आणणं शक्यच नव्हतं. नितीनदादा खुर्चीवरून उठला आणि कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी उपसायला लागला. "काका खाली येत नाहीत ना? मग हा वर जाईल."

भाड्याच्या जीपमध्ये मॉनिटर माझ्या मांडीवर, सीपीयू बाबांच्या. ड्रायव्हरशेजारी बसलेला नितीनदादा प्रत्येक खड्ड्याला मागे वळून ओरडायचा, "सर, नीट धरा! लक्ष कुठाय?" शाळेत बाबांनी त्याला जेवढं दटावलं असेल, तेवढं सगळं त्याने त्या घाटात वसूल केलं.

कुडपणला पोचलो तर लाइट गेलेली. ओटीवर बायापोरं जमली, नाचातली पोरंही आली. काकीने चहा टाकला आणि मॉनिटरकडे बघत विचारलं, "ह्या टीवीत गानं दिसनार हाय काय?"

लाइट आली. गाणं सुरू झालं. काका स्पीकरला कान लावून बसले होते, तोंडावर काहीच नाही. मला वाटलं, ओळखलं नाही बहुतेक...

मग एकाएकी त्यांनी बोट वर केलं. "आता बग. हितं माजा दम तुटतो."

आणि खरंच, पुढच्याच ओळीत आवाज जरासा अडखळला. इतका जरासा, की आम्हाला आधी कळलंही नव्हतं.

"मीच हाय तो," काका म्हणाले. तेही कुजबुजूनच, पण नाचातल्या सगळ्या पोरांना ऐकू गेलं. "परत लाव गो."

पुढे कॅफेतले बाकीचे कॉम्प्युटर कितीदा तरी पार पुसून फॉरमॅट झाले. हा एकच कधी झाला नाही, कारण फॉरमॅट केला की लायसन्स जाणार. तो स्लो झाला, गिऱ्हाइकं वैतागायची... नितीनदादाने तो कोपऱ्यात झाकून ठेवला, पण पुसला नाही.

मग काका गेले. पुढे कॅफेही बंद झाला, तेव्हा नितीनदादा कॉम्प्युटर घेऊन आमच्या दारात उभा. "सर, भंगारवाला मागत होता. काकांना कसं देऊ?"

आता तेच गाणं मोबाइलवर कुणालाही सहज मिळतं. आम्ही मात्र गौरीच्या दिवशी तोच कॉम्प्युटर लावतो. चालू व्हायला फार वेळ घेतो, पण होतो.

नितीनदादा, हे वाचलंस तर चहाला ये... दम तुटतो ती जागा अजून तशीच आहे.