रोहिणी आणि नीला या दोघी जावा

मागच्या महिन्यात, थोरले, तू फोनवर विचारलंस, “आजी, अंगात रक्त फिरतं कसं?” तुझी चाचणी दोन दिवसांवर होती. हा धडा मी कॉलेजात इंग्रजीतून शिकले आणि घाटंजीच्या शाळेत तीस वर्षं मराठीतून शिकवला. तुला थांबायला सांगून मी कोरा कागद काढला, समास आखला, लाल-निळ्या पेन्सिलींना टोक केलं. तेवढ्यात तू म्हणालीस, “तोवर छोट्या आजीला दे ना.”

छोटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, चौथीपर्यंत शिकलेली. तिनं तूर पाखडायचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन धरला.

“अवं माय, रोहिणी अन् नीला, रगताच्या दोन नळ्या, दोघी जावा हायेत. थोरली रोहिणी रुदयाच्या घरून निघते. मोठा धक्का सोसा लागते, म्हून तिची कातडी जाड. नीला पातळ. तिले पायापासून वरतं चढत या लागते, म्हून तिच्या वाटेत दारं. रगत मांगं घसरलं का दार लागते.”

“आणि दोघींच्या मधे?” तू विचारलंस.

“मधात केसाहून बारीक बोळी. तेथं घरोघरी जेवण द्याचं, खरकटं घ्याचं.”

तुझ्या धाकट्या भावानं मधेच तोंड घातलं, “जाड कातडीची थोरली म्हणजे आपली आजी?”

“मी कायले सांगू? जाऊबाई बाजूलेच बसल्या हायेत!”

तुम्ही दोघं खो-खो हसलात. माझ्या वर्गात या धड्याला कुणी कधी हसलं नव्हतं. वर त्यातला मुद्दा न् मुद्दा माझा होता. मी ओसरीवर शिकवणी घ्यायचे, तेव्हा आत भाकरी थापता थापता तिनं तो उचललेला.

मग ती म्हणाली, “रोहिणीचं लुगडं सदा लाल, नीलाचं सदा निळं.”

ही चूक होती आणि ती मला त्याच क्षणी कळली. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते तीही रोहिणीच, पण तिच्यात वापरलेलं, काळपट रक्त असतं. फुप्फुसाकडून ताजं रक्त परत आणते ती नीला. नाव ठरतं ते दिशेवरून. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. हे सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी पेन्सिली डब्यात ठेवल्या. म्हटलं, चुकू दे एकदा तिचं. पोरीला कळू दे कुणाला विचारायचं ते.

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. आर्टरीत, म्हणजे रोहिणीत, नेहमी ऑक्सिजनचं रक्त असतं, असं तू लिहिलंस आणि ते चुकलं. तू फोनवर ते सहज सांगितलंस, पण छोट्या आजीचा चेहरा उतरला. “माह्यानं चुकलं वं. पुढच्या बारीनं तुह्या आजीलेच विचारजो.”

हेच मला ऐकायचं होतं. ऐकलं, आणि हातातला चहा तसाच मोरीत ओतला.

तीन दिवस गेले. मग मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “कोनी चुकलं का तुमी डोळे बारीक करता. त्या दिवशी केले, अन् बोलल्या नाही. काहून?”

“तू त्यांना हसवत होतीस.”

“मंग तुमीबी हसवा नं! कोनं धरलं तुमाले?”

मला हसवता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या बाईंनी विचारलं, तर चूक आजीची होती असं सांग, छोट्या आजीची नव्हे. येत्या रविवारी फोनवर गोष्ट छोटी आजीच सांगेल. मी शेजारी बसेन आणि चुकलं तर तिथल्या तिथे बोलेन, असं आमचं ठरलं आहे.

हेवा गेला असं लिहिलं, तर ती दुसरी लबाडी होईल. फोन वाजला की मी अजूनही तिच्या आधी उठते.