मतदानानंतरची भाऊबीज

आमच्या गल्लीत भाऊबीजेला ओवाळायची वेळ कुणी घड्याळ बघून ठरवत नसे. कोपऱ्यावर लवंगी फटाक्यांची लांबच्या लांब माळ वाजली, की बायका म्हणत, आक्काचा भाऊ आला, आणि आपापल्या घरी पाट मांडायला घेत. ती आक्का म्हणजे मी. भाऊ माझा धाकटा. तो बुलेटवरून उतरायचा, माळ पेटवायचा, धूर विरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि मग साडीचा खोका काखेत मारून, दारादारांत थांबत, सगळ्यांची चौकशी करत माझ्या घरापर्यंत यायचा. तेवढ्या चार पावलांना त्याला अर्धा तास लागायचा. मी दारातून ओरडायचे, की बाबा, ओवाळून घ्यायला आलायस का मतं मागायला.

आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की तिचा चेहरा त्याला आठवत नाही. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेच्या दारात रडत सोडून येणं, सगळं मी केलं. माझं माहेर आणि सासर एकाच पेठेत, मधे फक्त एक तालीम. त्यामुळे लग्न झालं तरी तो माझ्या नजरेखालीच वाढला. वाढला म्हणजे काय, तालमीत अंग कमावलं आणि त्या अंगाच्या जोरावर मटक्याचा अड्डा सुरू केला. पानपट्टीच्या मागच्या खोलीत लोक आकड्यांवर पैसे लावायचे आणि बहुतेक जण हरून बाहेर यायचे. माझ्या भावाचं घर त्यावर चालायचं.

हे मी झाकून सांगणार नाही. माझा कांदा-लसूण चटणीचा धंदा होता. घरामागच्या परड्यात मिरची कांडपाचं यंत्र, आणि मिरच्यांची देठं काढायला गल्लीतल्या बायका यायच्या. त्यातल्या एकीचा नवरा पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी अड्ड्यावर जायचा. ती बाई देठं काढता काढता रडायची आणि म्हणायची, मिरची डोळ्यात गेली. मी त्या दिवशी भावाला जेवायला बोलवायचे आणि वाढता वाढता शिव्या घालायचे. तो मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या पोरांची फी भरून यायचा. मी म्हणायचे, एका हाताने लुबाडतोस आणि दुसऱ्याने वाटतोस, देवाला काय दिसत नाही? तो म्हणायचा, देवाचं मी बघतो, तू भाकरी वाढ. आणि मी वाढायचे. त्याच्यावर माझा जीव होता, त्याला माझा इलाज नव्हता.

नव्वदच्या दशकात महापालिकेत बायकांसाठी वॉर्ड राखीव झाले आणि आमचा वॉर्ड त्यात आला. एका आघाडीचे नेते आमच्याकडे आले. ते कायम सफारी घालायचे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव सफारीवाले साहेब पडलं. ते म्हणाले, वॉर्डातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तुमची चटणी आहे, तुम्हाला वेगळा प्रचार कशाला लागतोय? आमचे हे उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कामाला, मोजकंच बोलणारे. ते म्हणाले, तुला पाहिजे असेल तर राहा उभी. मला पाहिजे होतं. आमच्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ होता. पहाटे घागरींची रांग आणि तिथली भांडणं यात माझी निम्मी जवानी गेली होती. घरोघर नळ आणायचा, एवढंच माझं राजकारण. पण ते मनापासून होतं. निवडून यायचं होतं मला.

भावाला कळल्यावर त्याने आधी तालमीत पेढे वाटले आणि मग माझ्याकडे आला. मी त्याला सांगून टाकलं, की तुझा एक रुपया मी घेणार नाही. तो हसला आणि थेट सफारीवाल्या साहेबांकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रचाराला त्याच्या दोन जीपगाड्या फिरायला लागल्या, कार्यकर्त्यांची रोजची जेवणं त्याच्या वाड्यावर व्हायला लागली, तांबडा-पांढरा रस्सा आणि काय काय. मी जाब विचारला तर म्हणाला, "तुला कुठं दिलंय? पार्टीला दिलंय." साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, वहिनी, निवडणूक म्हटल्यावर हे चालायचंच.

मग विरोधकांनी पत्रक काढलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, मटकेवाल्याची बहीण. सकाळी ते प्रत्येक दाराच्या फटीत होतं. मला राग आला, पण खोटं काही नव्हतं त्यात. साहेब मात्र घामाघूम होऊन आले. म्हणाले, तुमच्या भावाला जरा लांब ठेवा, सभेला नको, फेरीत नको, घरीही नको, मतदान होईपर्यंत. मी विचारलं, आणि जीपगाड्या? त्या राहू द्यात, म्हणाले. त्याच्या गाड्या त्यांना चालत होत्या, तो चालत नव्हता. मी म्हटलं, तुमची कपबशी राहू दे तुमच्याजवळ, मी भावाला दार बंद करणार नाही. कपबशी आमची निशाणी होती. साहेब उठले आणि माझ्या नकळत भावाला जाऊन भेटले.

तो त्याच दिवशी आला, पण पुढच्या दाराने नाही. परड्याच्या भिंतीवरून उडी मारून, मिरच्यांच्या पोत्यांमधून आला आणि कांडपाच्या यंत्राला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा लहानपणी शाळेत मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचा तसा झाला होता.

"आक्का, मतदान हुईस्तवर मी न्हाय येणार दारात," तो म्हणाला. "तुला मी आडवा येतोय."

"आनि भाऊबीज?"

"पुढल्या वर्षी दोनदा ओवाळ की."

मी खूप बोलले. नको मला ती निवडणूक, असंही म्हणाले. तेव्हा त्याने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाला, माझ्यामुळं तू पडलीस तर मला जन्मभर तोंड दाखवता यायचं नाही. असं कुणी म्हटल्यावर बहिणीने काय करायचं? मी गप्प बसले. आला तसा तो भिंतीवरून गेला. नाकात मिरचीचा खाट घेऊन गेला असणार, कारण भिंतीपलीकडे बराच वेळ त्याचं शिंकणं ऐकू येत होतं.

भाऊबीज मतदानाच्या तोंडावर आली होती. त्या दिवशी मी सवयीने ताट केलं. करंज्या, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं मांडून बसले. कोपऱ्यावर माळ वाजली नाही. गल्लीतल्या बायका दारात येऊन कोपऱ्याकडे बघत, मग माझ्या दाराकडे बघत आणि आत जात. दुपार कलली. शेवटी एकेकीने आपापले पाट मांडले. संध्याकाळी मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. ताट उचलताना आमच्या ह्यांनी बघितलं आणि ते माझ्या हातातून घेतलं. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

साहेब खूश होते. आता बोट दाखवायला जागा नाही, म्हणाले. पण फेरीला गेले तर गल्लीत काहीतरी बदललं होतं. बायका दार उघडायच्या, कुंकू लावून घ्यायच्या, बघू म्हणायच्या. माझ्याच परड्यात बसून देठं काढणाऱ्या बायका माझ्याकडे न बघता देठं काढायच्या. मला वाटलं, पत्रकाचा परिणाम. साहेबांनाही तसंच वाटलं. मतदानादिवशी आमच्या गल्लीने लवकर जाऊन मतदान केलं आणि संध्याकाळी माझ्या दारात नेहमीसारखं कुणी बसायला आलं नाही.

मी पडले. बाकी वॉर्डाने बरी साथ दिली, पण आमच्या गल्लीच्या मतपेटीने घात केला. मतमोजणीच्या मांडवातच साहेब मला म्हणाले, वहिनी, आम्हाला आधीच शंका होती, तुमच्या भावाने आतून दुसरीकडे सौदा केला. जेवणं आमच्यात आणि मतं तिकडं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, साहेब, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय, तो मटका खेळवेल पण मला फसवणार नाही. त्याच्या वाड्यावर तुम्हीही हाडं चोखलीत, तेव्हा शंका नव्हती आली? आमचे हे माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले.

घरी येऊन बसले तर लांबून जिंकलेल्यांच्या मिरवणुकीचा बाजा ऐकू येत होता. तो जवळ आला, आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेला, गुलालाचा लोट आतपर्यंत आला. आणि बाजा लांब जातोय न जातोय, तोच कोपऱ्यावर लवंगी माळ वाजायला लागली. थांबेचना. मला वाटलं, जिंकलेले परत फिरले चिडवायला. दारात जाऊन बघते तर धुरात कमरेवर हात ठेवून माझा भाऊ उभा. काखेत साडीचा खोका. मतदान झालं होतं, त्याचा शब्द संपला होता.

त्या दिवशी तो कुणाच्या दारात थांबला नाही. सरळ चालत आला आणि उंबऱ्यावर बसला. डोळे लाल होते. म्हणाला, भाऊबीजेला मी वाडीला जाऊन बसलो होतो. नृसिंहवाडीला, घाटावर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. इथं राहिलो असतो तर पाय ऐकले नसते. मी आत गेले आणि ताट केलं. करंज्या संपल्या होत्या, साखर ठेवली. पाट आत न मांडता दारात मांडला, गल्ली बघत असताना, आणि त्याला ओवाळलं. पडलेल्या उमेदवाराच्या दारात फटाक्यांचा कचरा आणि वर ओवाळणी, असलं काही आमच्या पेठेने बघितलं नसेल.

एकेक करून बायका बाहेर आल्या. ती देठं काढणारी, जिचा नवरा अड्ड्यावर पगार घालवायचा, ती पुढे आली. तिने तोंडावर पदर धरला होता.

"आक्का, म्हंजी तू त्येला टाकला न्हवतास व्हय?"

मला कळेना. मी म्हटलं, कुणाला टाकलं? मग ती बोलली. गल्लीने बघितलं होतं, की भाऊबीजेला माळ वाजली नाही. गल्लीने अर्थ काढला, की आक्काने खुर्चीसाठी भावाला दारात घेतलं नाही. "ज्येला तू हातावर वाढवलास, त्येला न ओवाळनारी, आमच्या नळाचं काय बघनार?" ती म्हणाली. "माझं वाटोळं त्येच्या अड्ड्यानं केलंय, आक्का. पर तू त्येला टाकलास म्हनून मी तुला मत न्हाय दिलं."

ती रडायला लागली आणि मी हसायला लागले. काय करणार? पत्रक कुणी मनावरच घेतलं नव्हतं. मटकेवाल्याची बहीण हे त्यांना आधीपासून माहीत होतं, त्याच्यासकट ते मला मत देणार होते. भाऊ माझ्यासाठी लांब गेला आणि मी त्याच्यासाठी गप्प बसले, आणि आम्ही दोघांनी मिळून मला पाडलं. भाऊ डोक्याला हात लावून बसला होता. मी त्याच्या तोंडात साखर घातली आणि म्हटलं, खा आता.

पुढे काही वर्षांनी मटका मागे पडला आणि भाऊ जमिनींच्या व्यवहारात शिरला. ते व्यवहारही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते, माझ्या शिव्या चालूच होत्या. पण काळ बदलला होता. दोन हजार सालानंतर डिजिटल फलक आले, आणि एका दिवाळीत आमच्या कोपऱ्यावर सफारीवाल्या साहेबांचा भला मोठा फलक लागला. साहेबांच्या शेजारी तेवढाच मोठा माझा भाऊ, खाली लिहिलेलं, आधारस्तंभ. निवडणूक पुन्हा जवळ आली होती. साहेब घरी येऊन बसले. म्हणाले, वहिनी, तिकीट तुमचंच. भाऊबीजेला मोठा कार्यक्रम ठेवलाय, मैदानावर, स्टेजवर सगळ्यांसमोर भावाला ओवाळा. फोटो येऊ द्यात पेपरात.

मी म्हटलं, साहेब, तवा लपवा म्हणालात, आता दाखवा म्हणताय. आमची भाऊबीज दारात होते. तिकीट द्या दुसऱ्या कुणाला, आणि चहा घेऊन जावा.

भाऊबीजेला दुपारी मैदानावर भोंगा वाजत होता, भावाचं नाव पुकारत होता. मी ताट करून बसले होते. मैदानावर जाईल का माझ्याकडे येईल, हे मी त्याला विचारलं नव्हतं. मला निवडणुकीची ओढ उरली नव्हती; नळ एव्हाना घरोघर आले होते, ते कुणीतरी दुसऱ्यांनीच आणले होते. मग कोपऱ्यावर माळ वाजली. त्याने ती नेमकी स्वतःच्याच फलकाखाली पेटवली होती. ठिणगीने साहेबांच्या हनुवटीला भोक पडलं, ते पुढे महिनाभर तसंच होतं.

तो पाटावर बसला. केस पिकले होते, गुडघे दुखत होते, बसताना कण्हला. म्हणाला, "आक्का, तवा ही मान्सं मला लपवत हुती, त्यात त्यांची लाज तरी हुती. आता तीबी न्हाय ऱ्हायली." मग म्हणाला, उभी राहिली असतीस तर या खेपेला आली असतीस निवडून.

मला माहीत होतं. मी त्याला मान वर करायला सांगितलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. ताट खाली ठेवायला गेले तर त्याने मान पुन्हा पुढे केली.

"त्या वर्षीचं बाकी हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते मतदान झाल्यावर ओवाळलं की दारात, सगळ्या गल्लीसमोर. तो म्हणाला, ती भाऊबीज नव्हती, दोनदा म्हणजे दोनदा. हे तो दरवर्षी म्हणतो. आणि दरवर्षी मी निरांजनाची वात पुढे करते आणि त्याला दुसऱ्यांदा ओवाळते.