कुंडीतलं भस्म

एका उन्हाळ्यात आमच्या देवघरात एक विलायती झाड राहून गेलं. त्याची धास्ती मला अजून आठवते. त्याला नेचा म्हणतात हे फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही त्याला नुसतं साहेबांचं झाड म्हणायचो, आणि तेही हळू आवाजात.

राज्य निजामाचं होतं. बीडला एक बडे साहेब होते आणि आमचं किराणा दुकान ज्या जागेत होतं, ती त्यांच्या मर्जीवर होती. उन्हाळा लागला तशा त्यांच्या बेगमसाहेबा हैदराबादला निघाल्या. बंगल्यात झाड करपून जाईल, पण वाण्याचं देवघर दगडी भिंतींचं, गारगार, असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. त्या भल्या माणसाचं तोंड मला एकदा बघायचं होतं. माझे सासरे, मामंजी, कुंडी घेऊन घरी आले ते घामानं निथळत.

"हे वाळलं तर दुकानाला कुलूप पडलं म्हणून समजा," ते म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता परत गेले.

मी नुकतीच लग्न होऊन आलेली. झाडाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. पाणी कमी पडलं तर वाळेल आणि जास्त झालं तर कुजेल, या दोन भीतींच्या मधे माझे दिवस जायचे. कुंडी देवघरातल्या पाण्याच्या रांजणाजवळ, ओलाव्याला ठेवलेली. तिथेच माझ्या सासूबाई, आत्याबाई, रोज कपाळभर भस्म लावून, लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या.

एके दिवशी पानांच्या बेचक्यात पांढरी भुकटी दिसली. पूजेचं भस्म उडालं असेल, असं दोघींनाही वाटलं. पण ती रोज वाढायला लागली तशा आत्याबाईंनी हात जोडले. शिवानं स्वतः झाडाची राखण धरली, असं त्या म्हणाल्या आणि मला पुसायला मनाई केली. शेजारणी दर्शनाला आल्या. आत्याबाई रोज तीच लावायला लागल्या. मामंजी तर त्यातलीच चिमूटभर कपाळाला लावून दुकानात जायला लागले. कुंडी आल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले.

इकडे पानं मात्र चिकट झाली, पिवळी पडली. मी जवळ जाऊन निरखून बघितलं तर भस्माचा एक कण देठावरून सावकाश वर चालला होता. त्याला पाय होते.

देवाचं भस्म चालतं, हे नव्या सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं? माहेरी परत धाडतील. आणि गप्प बसावं तर दुकान जातंय. दिवसभर मी कुंडीकडे पाठ करून कामं उरकली. दुसऱ्या सकाळी आत्याबाईंनी भस्म घ्यायला पानाकडे हात नेला आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"आत्याबाई, लावू नका. ते चालतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. बराच वेळ बघितलं. मग पदरानं कपाळ खसाखसा पुसलं आणि खाली बसल्या. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "रिठे भिजत घाल. आन यांना सांगू नको."

देवासाठी वळलेल्या फुलवाती रिठ्याच्या पाण्यात बुडवून आम्ही एकेक कीड टिपली. आत्याबाई हातानं कीड मारत होत्या आणि तोंडानं देवाची माफी मागत होत्या. सडलेली पानं कापावी लागली. झाड अर्धं राहिलं. ते बघून मामंजी उंबऱ्यातच बसले. मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. त्यांचाही हात आधी कपाळाला गेला.

बेगमसाहेबा परतल्या, आणि झाड बघायला स्वतः पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून आमच्या दारी आल्या. मामंजी बाहेर ओसरीवर हात जोडून उभे. आत आल्यावर बेगमसाहेबांनी बुरखा वर केला. माझ्याएवढीच पोरगी होती. तिनं कुंडी फिरवून किती पानं उरली ते घाईघाईनं मोजलं.

आत्याबाईंनी काही लपवलं नाही. "कीड लागलती. आमी देवाचं भस्म समजलो," म्हणाल्या.

ती हसेल किंवा ओरडेल, असं मला वाटलं. तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"अम्मीजान का पौधा है. मेरी सास का. उनकू नक्को बोलो." सासूला कळू देऊ नका आणि पानं भरेपर्यंत झाड इथेच राहू द्या, असं तिनं विनवलं. साहेबांना ती काहीतरी सांगणार होती.

दुकान वाचलं. झाड भरलं तेव्हा बंगल्यावर गेलं. पण मामंजी जिवंत होते तोवर पूजेला बसले की भस्म चिमटीत धरून डोळ्यांजवळ न्यायचे, हलत नाही ना बघायचे, आणि मगच कपाळाला लावायचे.