जयंतकाकांची रिकामी फ्रेम

हिवाळा सरला की मेमरी कार्ड एका संध्याकाळी रिकामं होतं. हललेले फोटो, अंधारातले फोटो, पक्षी उडून गेल्यावर उरलेल्या फांद्यांचे फोटो, सगळे डिलीट! किस्से मात्र कुठल्याच बटणानं जात नाहीत. चहाला बसलो की एकेक निघतो. आणि ज्याचा किस्सा असतो तोच सगळ्यात जोरात ओरडतो, "असं काही झालंच नव्हतं!"

आम्ही चौघं. मी आयटीवाला, महाळुंग्यात राहणारा. माझ्या वरच्या मजल्यावरचे जयंतकाका, रिटायर्ड इंजिनिअर. मधुरा, दातांची डॉक्टर. आणि नांद्याचा संदीप, ज्याच्या जीपमुळे आम्ही ताम्हिणीच्या जंगलात पोचतो. थंडीतल्या रविवारी पहाटे निघायचं आणि काका म्हणतील तसं वागायचं.

काकांचे नियम दोन. पहिला, जंगलात तोंड उघडायचं नाही, फक्त खुणा करायच्या. दुसरा, "बॅकग्राउंड क्लीन पाहिजे!" कुणी फोटो दाखवला की काका आधी पक्ष्याच्या मागे बघतात. "ती काडी कशाला आलीय?" एकदा मी कौतुकानं भाचीच्या बारशाचा फोटो दाखवला. म्हणाले, "गोड आहे. मागचा पंखा टाळता आला असता."

* * *

या खुणांनी एकदा घोळ घातला. सगळे चिडीचूप बसलेले. अचानक मधुरा उठली आणि दोन्ही हात हवेत उडवायला लागली. काहीतरी भारी दिसलं असणार! आम्ही तिघांनी तिचे हात जातील तिकडे लेन्स फिरवल्या आणि धडाधड क्लिक मारत सुटलो. डावीकडे, उजवीकडे, वर आभाळात!

जीपमध्ये बसल्यावर काकांनी विचारलं, "काय होतं गं? शिक्रा?"

"मुंग्या!" मधुरा कळवळून म्हणाली. "मोज्यात गेल्या होत्या!"

* * *

संदीपच्या आईला आमचं हे खूळ अजून पटलेलं नाही. "पाखरांचं फोटू काडाया तितं कशाला जाताय? हितं परसात चिमण्या हायेत की!" तरी पोरगा ऐकेना. त्यानं एक सूट मागवला, डोक्यापासून पायापर्यंत कापडी पानांचा. तो घालून गडी झुडपात बसला की आम्हालाही सापडायचा नाही.

सापडला एका शेळीला. समोर फांदीवर निळा माशीमार बसलेला, आणि मागून शेळीनं पाठीवरची पानं ओढायला सुरुवात केली. संदीप हलेना. पाठोपाठ शेळ्या राखणारी आजी आली, तिनं काठीनं झुडूप ढोसलं, आणि झुडपानं मागं वळून बघितलं.

"आगं बया! माणूस हाय व्हय? मला वाटलं करवंदीची जाळी!"

संदीपनं ओठांवर बोट ठेवलं. आजीनं त्याला नीट न्याहाळलं. "मुका हाय वाटतं बिचारा," म्हणाली आणि त्याच्या हातावर मूठभर बोरं ठेवून गेली.

* * *

माझाही एक आहे, सांगून टाकतो. एका शुक्रवारी 'वर्क फ्रॉम होम' घेऊन मी ताम्हिणीत होतो. घाटातल्या एका वळणावर तेवढी रेंज मिळते, तिथून मीटिंगला जॉइन झालो. नेमका डोक्यावरच्या फांदीवर तांबट पक्षी सुरू झाला, टुक, टुक, टुक! माईक बंद करायचा राहून गेलेला.

मॅनेजर म्हणाला, "अरे, तुझ्याकडे प्लंबर आलाय का? त्याचं उरकून घे आधी, ते लोक परत येत नाहीत."

मी उरकून घेतलं. फोटोही चांगला आला.

* * *

आता काकांचा.

काकांच्या हॉलमध्ये तीन हिवाळे एक उभी फ्रेम रिकामी टांगलेली होती. ती स्वर्गीय नर्तकासाठी. पांढराशुभ्र नर, काळं डोकं आणि खाली रिबिनीसारखी लांबलचक शेपटी. तो एक फोटो काकांना मिळतच नव्हता. पाहुणे विचारायचे, तेव्हा उषाकाकू सांगायच्या, "पक्षी यायचाय अजून!" आम्हीही हसायचो. पण यंदा थंडी संपल्यावर काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी पुढे डोंगर बंद सांगितले होते. एकदा ते त्या रिकाम्या फ्रेमची काच पुसताना दिसले. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या रविवारी काकूही आल्या, गुडघा सांभाळायला. ओढ्यातल्या डबक्यापाशी आम्ही ओळीनं ट्रायपॉड लावले, काकांच्या शेजारी मधुरा, गळ्यात पांढरा स्कार्फ. काकू बाजूला खडकावर बसल्या, आणि मुलीला पाठवायला म्हणून मोबाइलवर काकांचेच फोटो काढू लागल्या.

आणि तो आला! डबक्यावर एक गिरकी घेतली आणि येऊन बसला तो थेट काकांच्या लेन्सच्या टोकावर! शेपटी लेन्सच्या पुढ्यात लोंबतेय. आमच्या लांबच्या लेन्सना इतकं जवळचं दिसतच नाही, त्यामुळे आम्ही नुसते बघत राहिलो. बोलायचं नाही, म्हणून सगळे जिवाच्या आकांतानं खुणा करतोय, पण काकांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. त्यांना दिसतेय फक्त एक हलणारी पांढरी पट्टी.

काकांनी वैतागून, डोळा न काढता, हातानं ती पट्टी बाजूला सारली. पक्षी उडाला आणि ओढ्यापलीकडच्या झाडीत दिसेनासा झाला.

मग काकांनी स्वतःचाच नियम मोडला. "मधुरा, स्कार्फ सांभाळ गं! एवढ्यात नर्तक आला असता म्हणजे?"

काकू उठल्या आणि त्यांनी नुकताच काढलेला फोटो उघडून मोबाइल काकांच्या हातात दिला. तो मोबाइल काकांनी घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

परवा ऑपरेशननंतर त्यांना भेटायला गेलो. फ्रेम भरलेली होती. काकूंनी मोबाइल उभा धरला होता, त्यामुळे शेपटी टोकापर्यंत अख्खी आलीय. मागे एक डोळा मिटलेले, कपाळाला आठ्या घातलेले, हात उगारलेले काका.

"वा, काय सुंदर फोटो आहे!" मी म्हणालो.

काका वॉकर टेकत टेकत फ्रेमपाशी आले. चष्मा वर करून त्यांनी फोटो नीट न्याहाळला.

"पक्षी उत्तम आलाय," ते म्हणाले. "बॅकग्राउंड तेवढं क्लीन पाहिजे होतं!"