मूळव्याधवाले काका

आमच्या काळाचौकीच्या चाळीत सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे मूळव्याधवाल्या काकांच्या तावडीत सापडायचं. ते दाराशी उभे राहून आत जाणाऱ्याच्या हातातला मोबाईल चक्क काढून घेत. "आत काय ऑफिस उघडलंयस? काम झालं की ऊठ. जोर करू नको, बसून राहू नको!" पोरं चिडायची, पण मोबाईल द्यायची.

काका टॅक्सी चालवायचे. दिवसभर तापलेल्या सीटवर बसून, लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळून, त्यांना ऐन तिशीत हा आजार जडला. पथ्यावर त्यांनी तो आटोक्यात आणला आणि मग अख्ख्या चाळीचा ठेका घेतला. जेवणात जिरेपूड घातलेलं पातळ ताक, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, घशाला खाजू नये म्हणून चिंच घालून शिजवलेलं सुरण. कुणी अवघडून चालताना दिसला की काका गॅलरीतून ओरडत, "काय रे, मिरची कमी कर!" बिचारा लाजून निम्मा व्हायचा.

माझ्या बाळंतपणानंतर मलाही हा त्रास सुरू झाला, तेव्हा मात्र ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काकीच कोमट पाण्याचा टब घेऊन आली. काका दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिथूनच म्हणाले, "तिला सांग, पाण्यात बस, भाज्या खा. पण बाळ अंगावर पितंय, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध म्हणून काही घेऊ नको."

दोन वर्षांपूर्वी काकांची पँट सैल दिसू लागली. आवडीचा बांगडा ते ताटात तसाच ठेवायला लागले. तळहात पांढरेफटक. विचारलं तर म्हणत, "जुनीच ओळख आहे गो. परत आलीय. नागकेशर चालू केलंय लोण्यातून, रक्त थांबेल." थांबलं नाही. त्यांनी सुरण वाढवलं, ताक वाढवलं, शेवटी भातही सोडला. आमच्या दारावरून जाताना ते भिंतीला हात लावून चालायला लागले होते.

एका सकाळी काकी माझ्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "ह्येंनी जल्मात कधी रुमाल धुवक नाय. आता पहाटे उठान लुंगी धुतत. माका ह्या बरा दिसना नाय."

मी त्याच दिवशी त्यांना गाठलं. "काका, एकदा डॉक्टरला दाखवूया."

ते हसले. "अख्खी चाळ माझ्याकडे येते आणि मी डॉक्टरकडे जाऊ? लोक काय म्हणतील?" हसताना त्यांना धाप लागली.

पुढच्याच आठवड्यात ते जिन्यात कोसळले. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. ती मूळव्याध नव्हतीच. आतड्याच्या टोकाशी गाठ होती, आणि बरीच वाढलेली. ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटावर पिशवी लावून काका घरी आले, ते कितीतरी दिवस बाहेरच पडले नाहीत.

मग वरच्या मजल्यावरचा संतोष आला. "काका, रक्त जातंय. नागकेशर कसं घ्यायचं?" काकांनी उठून दार लावलं आणि सदरा वर केला. संतोषचा चेहरा उतरला. "बघून घे," काका म्हणाले. "आधी तपासून ये. ताक काय, कधीही पिता येतं." संतोषला साधी मूळव्याधच निघाली. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि कोमट पाण्याचा शेक, डॉक्टरांनीही हेच सांगितलं.

काकांचा आजार तोवर यकृतात पोचला होता. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ बसले होते. काकी ओट्यापाशी पेज ढवळत होती.

"मला कळलं होतं गो," ते अचानक म्हणाले. "नेहमी रक्त लालभडक जायचं. एक दिवस रंग काळपट दिसला. हे वेगळं आहे, हे त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ते खरं झालं असतं."

ओट्यावरचा पळीचा आवाज थांबला. काकीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि येऊन त्यांच्या उशाशी बसली. काकांनी डोळे मिटून घेतले, आणि ती त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.