अजगराचा पाहुणचार

मोबाईलच्या दुकानात आता फक्त सौदी माणूसच बसणार, असा नियम आला, तेव्हा माझ्या जागी कफीलचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचा, मुलगा बसला आणि त्याच्या जागी मी. त्याची जागा म्हणजे अजगराशेजारची.

जेद्दातल्या त्यांच्या घरी गेटजवळ एक खोली होती. तिथे काचेच्या पेटीत हा अजगर. मनगटाएवढा जाड, तपकिरी ठिपक्यांचा, हौसेनं पाळलेला. मुलाला आता काउंटर सोडता येईना. कफीलना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. त्यांनी मला विचारलं, "सापांचं काही कळतं?"

नाही म्हटलं असतं तर थेट एक्झिट, म्हणजे कायमचं घरी परत. म्हटलं, "बाबा, आमच्या रत्नागिरीत घरोघरी साप." हे काही खोटं नव्हतं. ते निघाले की आम्ही पळायचो, एवढंच सांगितलं नाही.

मुलानं काम समजावलं. आठवड्याला एक उंदीर, फ्रीझरमधला, गरम पाण्यात नरम करून चिमट्यानं द्यायचा. पाणी बदलायचं. "आणि त्याला आरामात ठेव," म्हणाला.

आराम म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. बाहेर दुपारी चप्पल डांबराला चिकटत होती. शराफिया भागातल्या आमच्या भाड्याच्या खोलीचा एसी रिक्षासारखा खडखडायचा आणि वारा फक्त दाराजवळच्याला लागायचा. इथला एसी एकदम नवा. मी तो सोळावर टाकला, माझी गादी पेटीशेजारी पसरली आणि दोघांचाही आराम सुरू झाला.

फावल्या वेळात मी त्याला नकला करून दाखवायचो. बाबांचं खाकरणं, शाळेतल्या हेडमास्तरांचं "शांतता!", दुकानातली घासाघीस. तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही. गावच्या गॅदरिंगपेक्षा बरं.

अम्मीचा फोन आला. "सापांकडे? पाल दिसली तर खाटेवर चढायचास तू."

"हा पेटीत असतो, अम्मी."

"असू दे. इथे कुणाला सांगू नकोस. लग्नाचं बघतोय आम्ही."

पहिला उंदीर त्यानं खाल्ला नाही. दुसऱ्या आठवड्यातलाही नाही. मी चिमटा हलवून उंदराला चालवलं, नाचवलं, त्याचा आवाजसुद्धा काढला. अजगर आपला वेटोळं घालून गप्प. मुलगा बघायला आला आणि त्याचं तोंड उतरलं. "पुढच्या शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर ताइफच्या मित्राला देऊन टाकतो. मरताना नाही बघवणार."

बाबा दारातूनच म्हणाले, "मग याचं काय काम? खलास."

याचं म्हणजे माझं.

दुसऱ्या दिवशी मी कपाळाला हात लावून बसलो होतो. चहाचा वाफाळता ग्लास पेटीच्या काचेला टेकवून ठेवला होता. आठवडाभर न हललेला अजगर सावकाश सरकत आला आणि ग्लासासमोर आतून काचेला अंग चिकटवून बसला. मी ग्लास दुसऱ्या टोकाला नेला. तो तिकडे आला.

बिचारा गारठला होता. आणि मी चादर डोक्यावरून ओढून त्याच्या तब्येतीची काळजी करत होतो.

एसी बंद केला. तासाभरात खोलीचं इडलीपात्र झालं. पण मी हललो नाही. बनियन पिळून वाळत घालायचो आणि परत बसायचो. नकलाही बंद, घशात ओल राहिली तर ना. पाचव्या दिवशी उंदीर पुढे धरला. त्यानं जीभ बाहेर काढली, मान मागे घेतली आणि चिमट्याला असा झटका दिला की मी सवयीनं गादीवर चढलो. वळून पाहतो तर उंदराची फक्त शेपटी बाहेर होती.

शुक्रवारी मुलगा आला, फुगलेलं पोट बघून पेटीपुढे मांडी घालूनच बसला. बाबा आत आले आणि तोंड पुसत म्हणाले, "या वलद, अरे पोरा, एसी बिघडलाय का?"

"नाही बाबा. त्याला असंच लागतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाकरले आणि मुलाला म्हणाले, "याला बाहेर कुठेतरी झोपायला जागा दे. हा मेला तर अजगराकडे बघणार कोण?"