तळाचे ओरखडे

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणं हा तिचा धंदा. पण जुन्या वस्तूंच्या मॉलमध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ती भिंगबाई. गळ्यात काळ्या दोरीला घड्याळजीसारखं भिंग, पर्समध्ये जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च, आणि समोरच्याने किंमत विचारली की एकच उत्तर, "किंमत मला विचारू नका. खरं की खोटं ते विचारा."

मॉल कसला, गाद्यांच्या जुन्या कारखान्याची तीन मजली इमारत. आत दीडेकशे गाळे, पण गाळेवाले कधी दिसायचे नाहीत. त्यांनी आपापला माल मांडायचा, चिठ्ठीवर गाळ्याचा नंबर नि किंमत लिहायची आणि निघून जायचं. विक्री सगळी दाराशी असलेल्या एकाच काउंटरवर. कपाटातलं काही हवं असेल तर काउंटरवालीला हाक मारायची. ती गुडघ्यांना शिव्या देत जिना चढायची, जुडग्यातली किल्ली शोधायची आणि कपाट उघडून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. घेतलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी प्रत्येक मजल्यावर होती. विचारायला गाळेवालाच नाही म्हटल्यावर लोक भिंगबाईला विचारायचे.

ती स्वतः फारसं घ्यायची नाही. तिच्याकडे एकच कपाट, त्यात अंगठ्याएवढी मीठ ठेवायची काचेची भांडी, मोजून साठ. नवीन आलं की एक जुनं बाहेर. पण दुसऱ्याचं तपासायला ती एका पायावर तयार. साच्यात दाबून केलेल्या काचेवर जिथे साच्याचे दोन भाग मिळतात तिथे बारीक शिवण राहते. त्या शिवणीवरून नख फिरवायची, पेन्सिलीने टिचकी मारून नाद ऐकायची, हिरवट काच असली तर टॉर्च मारायची. जुन्या हिरवट काचेत युरेनियम घालत, ती जांभळ्या उजेडात पेटल्यासारखी चमकते. हे बघायला आजूबाजूची गिऱ्हाइकंही जमायची.

तिच्या लेकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. विहीणबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बोलणं असं, की समोरच्याला आपण पट्टी विसरून आलोय असं वाटावं. लग्नाच्या बैठकीत त्यांनी "कवळ्या? म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडातल्या?" एवढंच विचारलं होतं. भिंगबाई ते विसरली नव्हती. त्यामुळे एका शनिवारी विहीणबाईंनी आपणहून फोन केला आणि "दिवाणखान्यासाठी एखादं जुनं काचेचं भांडं बघायचंय, तुम्हाला कळतं म्हणे," असं म्हटलं, तेव्हा तिने कामाला सुट्टी टाकली.

दुसऱ्या मजल्यावर, एकशे बारा नंबरच्या गाळ्यात, पानांची नक्षी असलेला हिरवट बाऊल विहीणबाईंच्या मनात भरला.

"हा खरा आहे का हो?"

भिंगबाईने शिवण पाहिली, टिचकी मारली, उलटा करून तळ पाहिला. मग टॉर्च मारला. बाऊल असा चमकला की काउंटरवालीसुद्धा "अगं बाई!" म्हणाली.

"ऐंशी वर्षांचा तरी आहे. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून कशाला? तुम्ही आहात ना बघायला," विहीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. पुढच्या आठवड्यात लेकीने सांगितलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला बाऊल दाखवला जातोय आणि "आमच्या विहीणबाईंची नजर आहे" हे वाक्य प्रत्येक वेळी येतंय. भिंगबाईने ते वाक्य लेकीकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पंधरा दिवसांनी ती कामाच्या टेबलावर एक खालची कवळी घासत होती. कडेला चिकटलेलं जास्तीचं प्लास्टिक काढायला आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग चाकावर चकाकी. तीस वर्षांची सवय. पेपर मारून झाल्यावर तिने भिंग लावलं. सगळे ओरखडे एकाच दिशेला, शेजारी शेजारी, विंचरलेल्या केसांसारखे. तिने कवळी खाली ठेवली. बाऊलच्या तळाला नेमके असेच ओरखडे होते.

जुन्या भांड्याच्या तळाला ओरखडे असतातच. टेबलावर, फडताळात, ओट्यावर सरकून सरकून पडलेले. पण ते कसेही पडतात. एक असा, एक तसा, कुणाचा कुणाला मेळ नाही. एका रांगेत पडलेले ओरखडे म्हणजे कुणीतरी नवी काच पॉलिश पेपरवर घासलेली. आणि चमकण्याचं काय घेऊन बसलात, युरेनियमची काच आजही कुठे कुठे बनते. हे सगळं तिला पाठ होतं. त्या दिवशी तळ तिने पाहिलाही होता. पण ते ओरखडे रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याच हाताखाली असायचे. इतके ओळखीचे, की नजर त्यांच्यावर अडलीच नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना ते खुपले असते.

तिने लेकीला फोन लावला.

"आई, तू गप्प बस," लेक सगळं ऐकून म्हणाली. "एक बाऊल आहे तो. कोण उलटा करून बघणारे?"

"मी बघितला ना."

"मग विसर. तीन वर्षांनी कुठे त्यांनी तुझ्याबद्दल एक शब्द चांगला काढलाय. मला त्या घरात राहायचंय. तुला काय, तू सांगून मोकळी होशील."

"अगं पण लोक मला विचारतात, खरं की खोटं. दुसरं माझ्याकडे आहे काय?"

"साठ मिठाची भांडी आहेत," लेक म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

रविवारी विहीणबाईंकडे जेवायला बोलावणं होतंच. जेवण झालं, लेक आणि जावई आत आवरत होते. भिंगबाईने हळूच बाऊल उलटा केला. ओरखड्यांचं आपल्याला उगीच वाटलं असेल, अशी अजून थोडी आशा होती. भिंगाखाली सगळे ओरखडे रांगेत उभे होते.

"तळाशी काय शोधताय?" मागून विहीणबाईंचा आवाज आला.

"चूक शोधतेय. माझी." तिने बाऊल टेबलावर ठेवला. "हा जुना नाही. नवा आहे, घासून जुना केलाय. मी सांगितलं ते चुकलं."

विहीणबाई खुर्चीत बसल्या. दारात लेक हातात ओलं फडकं घेऊन उभी राहिली आणि आईकडे असं बघू लागली, की बघणाऱ्याला वाटावं हिने घरालाच आग लावली.

"माझ्या बहिणीला मी फोटो पाठवलाय," विहीणबाई म्हणाल्या. "शेजारच्यांना बोलावून दाखवलाय. दिवे घालवून, तुमच्यासारखा टॉर्च विकत आणून."

"हो."

"डोळे झाकून घ्या म्हणालात."

"म्हणाले."

"कशावरून कळलं?"

भिंगबाईने भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि कवळी कशी घासतात तिथपासून सगळं सांगितलं.  विहीणबाईंनी भिंग स्वतःच्या हातात घेऊन तळ पुन्हा पाहिला.

"म्हणजे हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी बसून केलंय."

"बसून, सावकाश. चांगली अर्ध्या तासाची मेहनत आहे."

"उद्या सकाळी दहाला तयार राहा," विहीणबाई म्हणाल्या. लेकीला त्या आवाजावरून राग कुणावर आहे याचा अंदाज येईना, म्हणून ती फडकं पिळायला आत गेली.

सकाळी मॉलमध्ये काउंटरवालीने आधी पाटीकडे बोट दाखवलं. विहीणबाईंनी पाटी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "परत करायला नाही आले. वरचं कपाट उघडा."

एकशे बारामध्ये हिरवट काचेच्या अजून नऊ वस्तू होत्या. भिंगबाईने एकेक उलटी केली. नऊच्या नऊ विंचरलेल्या. काउंटरवालीने गाळेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मी तसाच घेतला, तसाच विकतो, आणि मग त्याला अचानक ऐकू येईनासं झालं.

"मालकांना सांगून गाळा बंद करवते मी," काउंटरवाली म्हणाली. "पण भिंगबाई, तुमच्याकडून असं होईल वाटलं नव्हतं."

ते लागायचं तिथे लागलं. भिंगबाई खाली येऊन काउंटरशेजारच्या बाकावर बसली. विहीणबाई शेजारी टेकल्या.

"या गाळ्यातलं आणखी कुणाला घेऊन दिलंत?"

भिंगबाईला हाच प्रश्न रात्रीपासून छळत होता. "तिघांना. शिंपीणबाईंना एक बाऊल, बँकेतल्या साहेबांना एक, आणि एका नर्सला तिच्या आईसाठी."

"मग? त्यांना कधी सांगणार?"

"सांगितलं की इथे मला कोण विचारणार पुन्हा?"

"ते त्यांचं ते ठरवतील," विहीणबाई म्हणाल्या. "नंबर आहेत?"

नंबर होते. शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घासल्याने तो फुटणार तर नाही ना? मी त्यात बटणं ठेवते. मला काय करायचंय जुना-नवा?" बँकेतले साहेब इतके चिडले की आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आला. पुन्हा फोन करू नका, म्हणाले. भिंगबाईने फोन मांडीवर ठेवला. तिसरा नंबर तिने लावला नाही.

विहीणबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून तिच्या पुढे धरली.

"प्या," त्या म्हणाल्या. "आणि नर्सला मी लावते, पण बोलायचं तुम्हीच."